सकाळी सहाचं पाणी

आमच्या सोसायटीत मला ‘कॉम्प्युटरवाल्या काकू’ म्हणतात. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या नातीचा प्रवेशाचा फॉर्म अर्ध्यात लटकला, की माझी बेल वाजते. मी सांगते, बाबांनो, मी प्रिंटरवाली नाही. मग काय करता, असं विचारलं की मात्र माझी पंचाईत होते. ‘पाण्याची पातळी सांगणारी एक फुकटची वस्तू सांभाळते’ असं एकदा म्हटलं, तर खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्ही टाकीच्या कमिटीत आहात का?’ तेव्हापासून मी प्रिंटर दुरुस्त करून देते आणि गप्प बसते.

पण संपादकबाईंनी ‘कामातले अनुभव लिहा’ म्हणून भुणभुण लावली आहे, तेव्हा एकदाचं सांगूनच टाकते. गमतीचे अनुभव पुष्कळ आहेत. ते कुणीही लिहील. मला जो लिहायचा आहे तो माझ्या चुकीचा आहे.

वस्तूचं नाव ‘ओहोटी’. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मी प्रोग्रॅम लिहिण्यात उभी हयात घालवली. तिथंच उपकरणांच्या विभागात जनूभाऊ पाटील होते. आमच्याच वसई तालुक्यातले, नायगावच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावचे, भातशेतीवाल्या घरातले. सकाळी चिखलातून पाय काढायचे, धुवायचे आणि बूट घालून ऑफिसात यायचे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून ‘ओहोटी’ केली आणि निवृत्तीनंतर ती माझ्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली.

ती करते काय? समुद्राजवळच्या विहिरी, खाड्या, बंधारे यांचं पाणी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतं. ते मोजणारं उपकरण पाण्यात सोडलेलं असतं, ते तासातासाला आकडा पाठवतं. त्या आकड्यांवरून पुढं पाणी कुठं जाईल ते ‘ओहोटी’ सांगते. ती कुणाच्या मालकीची नाही. कुणीही घ्यावी, वापरावी, आतली प्रत्येक ओळ वाचावी, चूक सापडली तर आम्हाला झापावं. पाणवठाच म्हणा ना. फक्त पाणवठ्यावरचं शेवाळ कुणीतरी खरवडावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही दोघं.

आणि तिचे कागद. खरं तर हे कागद स्क्रीनवरच असतात, पण जनूभाऊ त्यांना कागदच म्हणायचे. प्रोग्रॅमचा कुठला तुकडा काय काम करतो, त्याला काय द्यायचं, तो काय परत देतो, कुठं फसवतो, हे सगळं त्यात लिहायचं. प्रोग्रॅम लिहिणारे शंभर भेटतात, कागद लिहायला बसवा, एकेकाला ताप येतो. जनूभाऊंना कधी ताप आला नाही. ते मराठीत लिहायचे, मी त्याचं इंग्रजी करायची, आणि दोन्ही ठेवायचो. अडचण एवढीच, की त्यांना पाल्हाळ फार. दोन ओळींच्या कामाची गोष्ट ते आजोबांच्या उघाडीपासून सुरू करायचे. उघाडी म्हणजे शेताच्या बांधाला असतं ते खाडीचं दार. मग आजोबा, दार, अमावास्येचं उधाण, आणि तिसऱ्या पानावर कुठंतरी मुद्दा.

मी कात्रीची बाई. मला तीन पानं दिसली की हात शिवशिवतात.

कागदात प्रत्येक कामाचा एक नमुना द्यावा लागतो, खऱ्या आकड्यांवर चालवून दाखवलेला. आमचा नमुना होता आमच्याच तालुक्यातल्या वटार गावच्या सिसिलियाबाईंच्या वाडीतली विहीर. सिसिलियाबाई विधवा, एक मुलगी, आणि दोघींचं सगळं त्या वाडीवर: पानवेली, मोगरा, थोडी केळी. समुद्र तिथून लांब नाही. विहीर गोडी, पण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं असताना पंप चालवला तर समुद्राचं पाणी जमिनीखालून आत सरकतं. आणि एकदा का विहीर खारी झाली की तिला परत गोडी व्हायला किती पावसाळे लागतील ते देवालाच माहीत. आजूबाजूच्या काही विहिरी तशा गेलेल्या होत्या. म्हणून जनूभाऊंनी त्यांच्या विहिरीत उपकरण सोडलं आणि एक सोय करून दिली. रोज सकाळी सहा वाजता नमुना माझ्या घरच्या मशीनवर आपोआप चालायचा, मला आकडा दिसायचा, आणि सिसिलियाबाईंच्या फोनवर मेसेज जायचा: ‘पाणी वर आहे, पंप चालवा’ किंवा ‘पाणी खाली आहे, आज नको’. बाई त्या मेसेजबाहेर एक बादली उपसायच्या नाहीत.

त्या विहिरीबद्दलचं पहिलं पत्र आलं ते एका थंड देशातून. तिथली एक संशोधक ‘ओहोटी’ शिकत होती आणि आमच्या नमुन्याशी खेळत होती. तिनं लिहिलं, ‘तुमच्या विहिरीत दर सातव्या दिवशी सकाळी पाणी बोटभर वर येऊन स्थिर उभं राहतं. भरतीचा याच्याशी संबंध नाही. तिथं काय होतं?’

मी पत्र वाचलं आणि खरं सांगते, मान खाली गेली. मी वर्षभर ते आकडे बघत होते, मला हे दिसलं नव्हतं. जनूभाऊंना फोन केला. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

‘अहो कुंदाताय, रविवार तो! बाय मिस्साला जाते ना. तवर पंप बंद. कोन उपसतंय पानी?’

म्हणजे बाई चर्चमध्ये प्रार्थना करत असताना विहीर इकडं दम खायची. आम्ही ते कागदात टीप म्हणून घातलं. तेवढं पाल्हाळ मीसुद्धा कापलं नाही.

आता माझ्या चुकीकडं येते. ती सांगायची म्हणूनच एवढं लिहिलं.

उपकरणं म्हटली की खाडे आलेच. बॅटरी संपते, बेडूक बसतो, वायर उंदीर कुरतडतात. दोन-चार तास आकडे येत नाहीत. ते खाडे भरून काढणारा तुकडा ‘ओहोटी’त मी लिहिला. मागचे दिवस, मागचे महिने, चंद्राची स्थिती बघून तो अंदाजानं आकडे भरतो. इतके बेमालूम भरतो की खरे कुठले आणि भरलेले कुठले, मलाही ओळखता यायचं नाही. मला त्याचा अभिमान होता. जगभरचे लोक मुख्यतः त्या एका तुकड्यासाठी ‘ओहोटी’ घ्यायचे.

जनूभाऊंचं म्हणणं होतं, सहा तासांच्या वर खाडा गेला की या तुकड्यानं थांबायचं आणि सरळ ‘माहीत नाही’ असं लिहायचं.

मी म्हटलं, ‘लोक चिडतात हो. आलेखात भोक दिसलं की लगेच ओरडतात, तुमचं साधन बिघडलंय म्हणून.’

‘वरडू दे. भोक हाय तर भोक दिसलं पायजे. पानी कोनी बघितलंच नाय, तर सांगायचं कुनाच्या जिवावर?’

दोन दिवस वाद चालला. शेवटी मी मधला मार्ग काढला. थांबण्याची सोय तुकड्यात ठेवली, पण ज्याला हवी त्यानं ती स्वतः चालू करायची. एरवी तुकडा भरतच राहणार. जनूभाऊंनी मान्य केलं, पण म्हणाले, मग कागदात मोठ्ठा इशारा पाहिजे. त्यांनी दीड पान लिहून पाठवलं. आजोबा, उघाडी, सगळं होतंच. मी त्याची एक ओळ केली: ‘दीर्घ खंडासाठी योग्य पर्याय निवडावा.’ वर फोन करून सांगितलं, ‘जनूभाऊ, कीर्तन नको, कागद हवा.’

ते म्हणाले, ‘तुमची कात्री लय धारेची हाय, कुंदाताय.’ मला ते कौतुक वाटलं. माझ्यासारखी शहाणी मीच.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात जनूभाऊ गेले. सकाळी शेतावर फेरी मारून आले, ओट्यावर बसले, आणि गेले. निरोप आला तेव्हा मी त्यांच्याच एका पानावर कात्री चालवत होते.

पुढची तीन वर्षं मी एकटीनं ‘ओहोटी’ सांभाळली. उपकरणांची, विहिरींची बाजू त्यांची होती. वटारला तेच जायचे. माझे गुडघे, माझी टाळाटाळ, मी इथं बसून स्क्रीनवरून कारभार करायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण सकाळचे सहा मी कधी चुकवले नाहीत. चहा टाकायच्या आधी मशीनसमोर बसायची आणि आकडा यायचा. रोज. विहीर वर, विहीर खाली, रविवारी बोटभर वर. माणूस गेला, पण त्यानं सोडलेलं उपकरण पाण्यात आहे, ते काम करतंय, असं वाटून बरं वाटायचं. कधीकधी तर आकडा उमटायच्या आधी मी ‘या’ म्हणायची. सांगायला लाज वाटते, पण म्हणायची.

मधेच त्या थंड देशातल्या संशोधक बाईचं दुसरं पत्र आलं. चारच ओळी. ‘तुमची विहीर फार शहाणी झाली आहे. पूर्वी ती चुकायची, दचकायची, एखाद्या दिवशी उगाच रुसायची. आता दोन वर्षं ती एकदाही चुकलेली नाही. ती बरी आहे ना?’

मी उत्तर लिहिलं, ‘आमच्या साधनात बऱ्याच सुधारणा झाल्या आहेत.’ आणि खाली हसरा चेहरा टाकला. त्या हसऱ्या चेहऱ्यासाठी मला कुणीतरी थोबाडीत मारायला हवी होती.

मग सिसिलियाबाईंच्या मुलीचं, एलिनाचं लग्न ठरलं. बाईंनी फोन करून बोलावलं. ‘जनूभाऊ असते तर पहिले आले असते. आता त्यांच्या जागी तुम्ही या, बाय. आदल्या दिवशीच या, विहिरीवर यायचंय.’

त्यांच्याकडं लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीला न्हाऊ घालायचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणतात. मी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. विहिरीच्या काठाला फुलांच्या माळा बांधल्या होत्या, मेणबत्त्या लावल्या होत्या, बँडवाले घाम पुसत होते. म्हाताऱ्या बायका त्यांच्या बोलीतली गाणी म्हणत होत्या, मला अर्धी कळत होती. एलिना मधे, डोक्यावर ओढणी. मी तीन वर्षांनी त्या वाडीत पाऊल टाकत होते. सवयीनं फोन काढून बघितला. सकाळचा आकडा होता तिथंच होता. पाणी वर, पंप चालवा.

मी काठावरून आत वाकले. पाणी वर नव्हतं.

पाणी इतकं खाली होतं की आधी मला ते दिसलंच नाही. दगडांच्या रांगा खाली खाली जात होत्या आणि तळाशी एक काळा गोल, त्यात वरच्या मेणबत्त्या बारीक ठिपक्यांसारख्या हलत होत्या. मी परत फोन बघितला. परत आत बघितलं. बँड जोरात वाजत होता. काठावर हात टेकून उभी राहिले, शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘चक्कर आली का हो?’ मी नाही म्हटलं.

एकीनं कळशीचा दोर सोडला. सोडतच राहिली. सोडणारी बाई हसत म्हणाली, ‘यंदा विहिरीनं लग्नाला उपास धरलाय वाटतं.’ कळशी वर आली. रिवाजाप्रमाणं नवरीच्या आत्येनं पहिली ओंजळ घेऊन तोंडाला लावली, आणि तिचं तोंड वाकडं झालं.

‘सिसिल, पाणी मचूळ लागतंय ग.’

बँडवाल्यांना काय माहीत, ते वाजवतच होते. सिसिलियाबाईंनी ओंजळ घेतली, चाखली, आणि माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. विचारल्यासारखं. मग त्यांनी कळशी एलिनाच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘चला, उशीर होतोय.’ मिरवणूक घराकडं निघाली.

मी मागं राहिले. विहिरीच्या काठाला उपकरणाची वायर बांधलेली असायला हवी होती. खिळा होता, वायर नव्हती. पंपाच्या खोपटात गेले. दाराआडच्या खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली होती, तोंडाला सुतळीची नीट गाठ. पिशवीवर कोळ्यांनी जाळं विणलं होतं. आत जनूभाऊंचं उपकरण. कोरडं ठणठणीत, वायरचं वेटोळं करून, टोकाला कुणी तरी मायेनं कापडाची चिंधी बांधलेली.

हातात फोन, फोनवर आजचा आकडा, आणि आकडा पाठवणारं यंत्र माझ्यासमोर खुंटीला. बाहेर बँड लांब लांब जात होता. मला तेव्हा भूतबित काही वाटलं नाही. त्याहून वाईट वाटलं. मला वाटलं, गेली तीन वर्षं मी रोज सकाळी ज्याला ‘या’ म्हणत होते ते कोण होतं?

लग्नात मी जेवले, फोटो काढले, आहेर दिला. तोंडाला कुलूप लावलं होतं. आईच्या जिवाला त्या दिवशी घोर नको म्हणून, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे धीर नव्हता.

घरी येऊन मशीन उघडलं. दहा मिनिटांत सापडलं, कारण शोधायला मीच बसले होते आणि लिहिलंही मीच होतं. उपकरणाचे आकडे तीन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडाशी बंद झाले होते. माझ्या तुकड्याला खाडा दिसला. त्यानं तो भरला. दुसऱ्या दिवशी आणखी खाडा दिसला, तोही भरला, आदल्या दिवशी स्वतःच भरलेल्या आकड्यांच्या आधारानं. मग तिसऱ्या दिवशी. थांबायचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तीन वर्षं तो एकटाच स्वतःचंच बोलणं ऐकून पुढचं बोलत राहिला होता. रविवार त्याच्या लक्षात होते, म्हणून तो रविवारी पाणी बोटभर वर चढवत होता. पण एलिनाच्या लग्नासाठी मांडवाला, धुण्याभांड्याला, पाहुण्यांच्या आंघोळीला हंडेच्या हंडे उपसले, त्या दिवसाची रेघ मी काढून बघितली. गुळगुळीत. विहिरीला लग्न कळलंच नव्हतं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट फार कठोर आहे. कागदातली प्रत्येक दुरुस्ती कायमची जपून ठेवलेली असते. कुणी केली, कधी केली, का केली. कापलेलं काही नष्ट होत नाही, फक्त मागं जातं. मी मागं गेले. जनूभाऊंचं दीड पान तिथं होतं. त्यावर माझं नाव आणि माझा शेरा: ‘पाल्हाळ काढलं.’

पान पहिल्यांदा नीट वाचलं. आजोबा उघाडीवर राखण करायचे. एका उधाणाला डोळा लागला, आणि घरच्यांनी हाक मारून विचारलं, पाणी कुठवर आलंय? म्हातारा झोपेत म्हणाला, ‘नेहमीइतकंच.’ सगळं पीक गेलं. खाली जनूभाऊंनी लिहिलं होतं, ‘दोन तास भरून काढा, चार काढा. पुढं भरू नका. बघितलं नसेल तर बघितलं नाही असं लिहा. त्यात लाज नाही. हा तुकडा फार हुशार आहे, म्हणून त्याला गप्प बसायला शिकवलं पाहिजे.’ इतकं साधं. मी ते वाचायच्या आधीच कापलं होतं. लांबी बघून.

रडले. दुसरं काय करणार.

तिसऱ्या दिवशी वटारला गेले. एलिना सासरी गेली होती, मांडव सोडत होते. सिसिलियाबाईंना ओट्यावर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग उपकरण पिशवीत कसं गेलं ते मी विचारलं.

‘गाळ काढायला माणसं आली होती ना, तेव्हा काढून ठेवलं,’ त्या म्हणाल्या. ‘जनूभाऊ म्हणाले होते, नाजूक आहे, कुणी हात लावू नका, मीच येऊन सोडेन. म्हणून पिशवीत बांधून ठेवलं. आणि मग ते गेलेच.’

‘मला कळवायचंत ना, बाई.’

‘मेसेज येत होते की! रोज सहाला. म्हटलं, तुम्ही दुसरं काहीतरी लावलं असेल. तुमची कामं आम्हाला काय कळणार?’

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथं दळणारी आंधळी मीच होते. त्यांनी मला वाडीतून फिरवलं. पानवेलीच्या पानांच्या कडा करपलेल्या. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आधी गळत होत्या. ‘दोन उन्हाळे असंच चाललंय,’ त्या म्हणाल्या. ‘मला वाटलं ऊन जास्त आहे. पाण्याची शंका कशी घेणार? प्यायला नळाचं, आणि विहिरीचं तर रोज कळत होतं.’

वेलींमधून चालता चालता त्या थांबल्या.

‘मग इतके दिवस मला सांगत कोण होतं?’

‘मी,’ म्हटलं.

‘पण तुम्हाला कुठं माहीत होतं?’

‘नव्हतं.’

त्या वळल्या, खोपटात गेल्या आणि पंपाचा खटका खाली ओढून तो बंद केला.

घरी येऊन मी दोन कामं केली. तुकड्याला थांबायला शिकवलं: सहा तासांनंतर ‘माहीत नाही’, कुणी मागो न मागो. आणि जनूभाऊंचं दीड पान जसंच्या तसं, आजोबांसकट, दोन्ही भाषांत परत लावलं. मग नवी आवृत्ती सोडली.

चार दिवसांत पत्रं यायला लागली. तुमच्या नव्या आवृत्तीनं आमचे आकडे पुसले. आमचा बंधारा दिसेनासा झाला. एका बेटावरच्या माणसानं लिहिलं, ‘काल आमच्या खाडीला पाणी होतं, आज सगळीकडं माहीत नाही, माहीत नाही एवढंच येतंय. परत पूर्वीसारखं करा.’ मी एकेकाला कळवलं, कृपा करून एकदा पाण्यापर्यंत चालत जाऊन उपकरण आहे का बघा. उत्तरं येत गेली. एकाचं वादळात वाहून गेलं होतं. एकाचं चोरीला गेलं होतं, कधी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बेटावरच्या माणसाचं उत्तर शेवटी आलं. त्याच्या खाडीचं तोंड वाळूनं कधीचंच बुजलं होतं. तिथं आता लोक गुरं चारत होते. आणि माझा तुकडा तिथं रोज दोनदा भरती आणत होता.

अशी पत्रं वाचताना मला खिडकीबाहेर बघायची भीती वाटायची. कुठं कुठं काय नाही, आणि तरी रोज सहाला त्याची बातमी येतेय, कोण जाणे.

काही लोक ‘ओहोटी’ सोडून गेले. त्यांना न थांबणारं काहीतरी मिळालं असेल. जावोत.

आता मी दर शनिवारी वटारला जाते. गुडघे बोंबलतात, बोंबलू देत. उपकरण परत पाण्यात सोडलंय, पण मी टेप सोडून स्वतःही मोजते, आणि क्षार मोजायचं पेनासारखं मीटर असतं ते बुडवते. एक पावसाळा झाला. क्षाराचा आकडा थोडा उतरला, मग उन्हाळ्यात परत चढला. पानवेलीचा अर्धा वाफा सिसिलियाबाईंनी उपटला. उरलेल्या अर्ध्याला त्या शेजाऱ्यांच्या विहिरीवरून पाणी आणतात, डोक्यावर. मला त्या एक शब्द कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या शनिवारी मोजून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘बसा, चहा टाकते.’ स्वयंपाकघरात नळाच्या पाण्याचा हंडा भरलेला होता, झाकण घातलेला, माझ्या डोळ्यांसमोर. त्यांनी त्याला हात लावला नाही. मागच्या दारानं गेल्या, विहिरीची कळशी आणली आणि त्यातलं पाणी आधणाला ठेवलं. दूध फाटलं असतं म्हणून कोरा चहा केला. साखर भरपूर घातली आणि कप माझ्यापुढं ठेवून उभ्या राहिल्या.

मी घोट घेतला. आधी साखर लागली, मग तिच्या मागून ते आलं, जिभेच्या कडांना.

‘कसा झालाय?’

गोड झालाय म्हणायला तोंड उघडलं होतं. सवय वाईट असते.

‘खारट,’ मी म्हटलं.

सिसिलियाबाईंनी मान हलवली. मग पातेल्यात उरलेला चहा स्वतःच्या कपात ओतला, माझ्यासमोर बसल्या, आणि आम्ही दोघींनी तो संपवला.